निमाला आणायला

पाळी गावातल्या त्या घरात मी भाड्याने राहत होते असं म्हटलं तर पुंडलीककाकांना राग आला असता. हळर्णहून डिचोली तालुक्यात मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती, आणि कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी निर्मला, आमची निमा, पाळीची. "आमच्याकडे खोली आहे, ये," एवढंच ती म्हणाली. मी एक ट्रंक, एक चटई आणि आईने दिलेली मिसकूटची, आंब्याच्या लोणच्याची, बरणी घेऊन गेले, ती पुढे बरीच वर्षं तिथलीच झाले. पुंडलीककाका, निमाचे वडील, खाणीवर मोठं खोदयंत्र चालवायचे. बोलणं कमी. माई, म्हणजे निमाची आई, बोलायची तेही हात चालू ठेवूनच. तिघांच्या त्या घरात मी चौथी, आणि माझं ताट कधी वेगळं मांडलं गेलं नाही.

त्या घराची सकाळ मला अजून कानांनी आठवते. आधी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों भोंगा, मग उंबऱ्यावर उंडे ठेवल्याचा कागदाचा आवाज, मग दूरवर खनिजाचे ट्रक सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत थांबायचे नाहीत. रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर. धूळ अशी की दारं-जनेलं बंद ठेवली तरी मेजावर लाल पापुद्रा धरायचा. माई ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिळलं की बालदीतलं पाणी कुंकवासारखं व्हायचं. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना पांढरं म्हणायची आम्हाला सवय होती, एवढंच. खाणं मात्र सुरेख. दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, बरोबर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, सोमवारी अळसांद्यांच्या कडधान्याचं रसदार तोणाक. काका दुपारची पाळी असली की पेज पिऊन जायचे, आणि जाताना दारातून न चुकता विचारायचे, "निमा खंय गेलें?" ती खोलीतच असायची. ती "हांगा आसां" म्हणाली की निघायचे. आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीबद्दल असंच बोलतात, "तें गेलें, तें आयलें." निमा तर लग्न होऊन पुण्याला गेली असती तरी काकांच्या तोंडी "तें"च राहिली असती.

डिचोलीच्या एका शाळेतला उदय नावाचा व्यायामशिक्षक दर मे महिन्यात आठ-दहा तरुणांना घेऊन हिमालयात जायचा. निमा डिचोलीत एका कचेरीत टायपिस्ट होती, तिथे तिला ही बातमी लागली. तिने घरी सांगितलं ते जेवताना. माईने भात वाढायचा थांबवला नाही.

"थंय थंडी कितली आसता?" काकांनी विचारलं.

"सोसपासारकी आसता. शकू येतलें म्हज्या वांगडा."

मी येणार हे मला तेव्हाच कळलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. मग ते बराच वेळ जेवत राहिले. शेवटी म्हणाले, "वचात. आमी खंय कितें पळेलां. तुमी तरी पळयात." जा आणि जग पाहा, एवढं ऐकून निमाने त्या दिवशी भांडी घासली, जे ती एरवी टाळायची.

मिरजेपर्यंत एक गाडी, तिथून दिल्लीची, मग हरिद्वार, आणि पुढे डोंगरातून दिवसभर बस. वाटेत मला उलट्या झाल्या आणि निमाने माझं डोकं मांडीवर घेतलं. उत्तरकाशीला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव म्हणजे नदीकाठी चिंचोळी वसलेली बाजारपेठ, विश्वनाथाचं देऊळ, घाट, आणि गंगोत्रीला निघालेल्या यात्रेकरूंची गर्दी. राजस्थानातल्या बायका डोक्यावर बोचकी घेऊन गाणी म्हणत चालल्या होत्या. भागीरथीचा आवाज इतका मोठा की बाजारात बोलायला ओरडावं लागायचं, आणि दोन दिवसांनी तो ऐकूच येईनासा झाला. आम्ही धर्मशाळेत उतरलो. तिथले व्यवस्थापक, नेगीजी, लोकरी टोपी घातलेले उंच गृहस्थ, आम्हाला "गोवावाले बच्चे" म्हणायचे. पहाटे निमा घाटावर उतरली आणि साखळी धरून तीन बुड्या मारून आली. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, आणि हसू थांबत नव्हतं. आम्ही गरम दुधात जिलबी बुडवून खाल्ली. विश्वनाथाला गेलो तेव्हा ती डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "कांयच ना. उबें रावलें." आज माझी भाची टेकड्या चढायला जाते तेव्हा पदोपदी फोटो पाठवते. निमाचा त्या प्रवासातला एकही फोटो नाही. उदयच्या कॅमेऱ्यातला रोल पुढे कोणी धुवायलाच टाकला नाही.

वर जायची वाट आधी देवदारातून, मग गवताळ उतारावरून. पहिला बर्फ दिसला तो मळकट, झाडांखाली उरलेला, आणि आम्ही सगळ्यांनी तो हातात घेतला. पुढच्या मुक्कामाला रात्रभर ताजा पडला. सकाळी तंबूचं दार उघडलं तर डोळे उघडवत नव्हते. निमा गुडघाभर बर्फात उभी राहून गोल फिरली. "शकू, पळय, कांयच तांबडें ना," ती म्हणाली. ताज्या बर्फामुळे वरची खिंड ओलांडायचा बेत उदयने आणि आमच्या वाटाड्यांनी सोडून दिला, हवा बरी वाटली तसे परत फिरलो. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे गोव्यात लोकांनी उदयला नाही नाही ते ऐकवलं. कोणी धाडस केलं नव्हतं. आम्ही खालीच येत होतो.

वाटेत एक उतरता पट्टा होता, आदल्या दिवशी आम्ही तोच ओलांडून वर गेलो होतो. वाटाड्याने आम्हाला एकेक करून, अंतर ठेवून सोडलं. ऊन पडलं होतं. निमा माझ्या पुढे होती. ती मधोमध पोचली असेल, थांबली आणि मागे वळून मला काहीतरी म्हणाली. काय ते मला ऐकू आलं नाही. त्याच वेळी वरून आवाज आला, टिपरने हौदा उचलून माती ओतावी तसा, आणि पट्टाच्या पट्टा सरकला. मोठा धुरळा नाही, काही नाही. बर्फ खाली गेला, दरीच्या तोंडाशी जाऊन साचला, आणि जिथे निमा होती तिथे ओली काळी माती उघडी पडली. मी तिथे उभीच राहिले. मग उदय माझ्या बाजूने धावत खाली गेला.

अंधार पडेपर्यंत सगळ्यांनी काठ्या खुपसून शोधलं. हात बधिर झाले तरी कोणी थांबत नव्हतं. वाटाड्यांनीच आम्हाला ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडला आणि कालची जागाही ओळखू येईना. पोलीस आणि गावकरी वर आले, त्यांनी आपल्या परीने केलं. त्यातला एक वयस्कर हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "बेटी, अब बर्फ पिघलेगी तो वही देगी." बाकीच्यांना परत जावं लागलं. उदय निमाच्या घरी सांगायला म्हणून गेला. मी थांबले. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं. पण तिला वर ठेवून गाडीत बसायचं कसं, ते मला कळेना.

काका एकटेच आले. टेरिकॉटचा शर्ट, त्यावर कोणाचा तरी स्वेटर, काखेत छत्री. कोल्हापूरच्या पलीकडे ते आयुष्यात गेले नव्हते, हिंदी मोडकं, तरी गाड्या बदलत बरोबर धर्मशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. मला पाहून रडले नाहीत. म्हणाले, "जेवलें गो?" मग पिशवीतून उकडे तांदूळ काढले. माईने दिले होते. नेगीजींनी मागची शेगडी वापरायला दिली, आणि त्या दिवसापासून सकाळी काका पेज करायचे, एक पेला मला, एक स्वतःला. आवारात यात्रेकरूंच्या पुऱ्या तळल्या जायच्या, लाउडस्पीकरवर आरत्या लागायच्या, नवी जोडपी गंगाजलाचे डबे भरून घ्यायची. आम्ही दोघं भिंतीला टेकून पेज प्यायचो. मग काका पोलीस ठाण्यावर जायचे आणि बाकावर बसायचे. कोणी हाकलायचं नाही. दुपारी परत यायचे. 

ते वर जायचं म्हणाले तेव्हा नेगीजींनी समजावून पाहिलं. शेवटी दोन गावकरी आणि मी, असे त्यांच्याबरोबर गेलो. चढावर काकांना धाप लागायची, ते छत्री टेकून उभे राहायचे. त्या जागी पोचलो तेव्हा मी हाताने दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. एवढं सगळं पांढरं. गावकऱ्याकडचं फावडं घेतलं आणि ते खाली उतरून खणायला लागले. कुठे खणायचं याचा काही हिशोब त्यात नव्हता. पायाशी जागा होती म्हणून तिथे. गावकरी त्यांना थांबवायला निघाले, मग थांबवायच्या ऐवजी त्यांच्या शेजारी उभे राहून काठ्यांनी बर्फ उकरू लागले. मीही हातांनी. आम्ही चौघं किती वेळ तसे खणत होतो देव जाणे. खाली नुसता बर्फ, त्याखाली अधिक टणक बर्फ. मग काकांनीच फावडं टेकलं, आणि त्या खड्ड्याकडे बघत, खाणीवरच्या आपल्या खोदयंत्राच्या आठवणीने, म्हणाले, "म्हजें मशीन हांगा आसपाक जाय आसलें." एवढंच. उतरताना ते माझा हात धरून उतरले.

दरम्यान पाळीहून निरोप यायला लागले. माईचा भाऊ, दामूमामा, डिचोलीच्या एका दुकानातून धर्मशाळेत ट्रंक कॉल लावायचा. त्याचं म्हणणं रास्त होतं. मुलगी गेली हे सगळ्यांना ठाऊक. पण देह नाही, म्हणून सुतक नाही, दिवस नाहीत, काही नाही. घरात देवापुढे दिवा लावायचा की नाही ते भटजीही सांगेनात. अशा वेळी पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून दहन करतात, शास्त्रात आहे. काकांनी काशीक्षेत्रीच ते उरकावं, मोठं पुण्य. काका फोनवर ऐकून घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मला म्हणाले, "हांवें ताका पळोवंक ना. मेलें म्हणून कशें सांगूं?"

मग एकदा फोनवर माई आली. त्या दुकानापर्यंत ती बसने आली असणार. काकांनी रिसीव्हर आमच्या दोघांच्या मध्ये धरला, कारण नदीच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. माईने आधी ऐकू येतंय ना ते विचारलं. मग म्हणाली, "लोक येतात, दारांत बसतात आनी वतात. रडचें काय ना तें म्हाका कोण सांगना."

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"तुमी थंय ताची वाट पळयतात. हांगा हांव तुमची वाट पळयतां. विधी करात आनी घरा येयात."

दुसऱ्या दिवशी घाटावर विधी झाला. गुरुजींनी दर्भाचा पुतळा बांधला, हातभर लांब, पानांचं अंग, नारळाचं डोकं. त्यावर कोरं कापड घातलं. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, काकांनी सांगितलं. पुतळा लाकडांवर ठेवला तेव्हा वाऱ्याने कापड उडालं. काकांनी ते पुन्हा नीट पांघरलं, कडा आत खोचल्या. मग त्यांनी अग्नी दिला. दर्भ तो. चुटकीसरशी पेटला आणि संपला. माणसाला जळायला वेळ लागतो, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काका त्या राखेकडे बघत राहिले, गुरुजी उठून गेले तरी. रात्रीच्या जेवणाला ते बसले नाहीत, आणि सकाळी आम्ही बसमध्ये बसलो.

पाळीला आल्यावर माईने मोकळेपणाने रडून घेतलं. दिवस झाले. काका पुन्हा खाणीवर जायला लागले. पाऊस लागला, खाण थांबली, रस्त्यावरची धूळ चिखल झाली. घरात बोलणं आधीच कमी होतं, आता भांड्यांचे आवाज तेवढे राहिले. दारातून निघताना काका क्षणभर थांबायचे, मग निघून जायचे. हळर्णहून माझे वडील मला न्यायला आले होते, पण माई म्हणाली, "हें आसूं दी." वडिलांनी चहा घेतला आणि एकटेच गेले. त्या वर्षी चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली नाही. शेजाऱ्यांच्या आरत्या ऐकू यायच्या, आणि माई दार लावून घ्यायची.

चवथीनंतर तार आली. मेंढपाळांना निमा सापडली होती, बऱ्याच खाली, ओढ्याच्या काठी. ओळख पटवायला नातलगाने यावं. दामूमामाने तार वाचून दाखवली. काका खुंटीवरची टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती परत खुंटीला लावली आणि बाकावर बसले.

"हांवें ताका एकदां पेटयलां," ते म्हणाले. "आनीक एकदां म्हाका जावचें ना."

मामा त्यांच्यावर चिडला. बाप म्हणून तुमचं कर्तव्य, वगैरे. माई आत गेली, ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली ती नऊवारीचा जोड कापडात गुंडाळूनच. "बरें," ती म्हणाली. "मागीर हांव वतां. शकू, तूं येतलें?"

मामा, माई आणि मी गेलो. माई खिडकीशी बसली आणि दिल्लीपर्यंत तिने बाहेरच्या एका गोष्टीबद्दलही विचारलं नाही. उत्तरकाशीत गर्दी ओसरली होती, पावसाने रस्ते जागोजागी खचलेले. नेगीजींनी माईला हात जोडले. सरकारी दवाखान्याच्या मागे एक खोली होती. मामा दारापर्यंत आला आणि मागे फिरला. माई मला म्हणाली, "तूं पांयांकडेन राव. ह्या वाटेन येनाका." मी पायांशीच उभी राहिले. माई वरच्या बाजूला गेली, कापड उचललं, पाहिलं आणि हवालदाराला मान हलवली. त्याने विचारलेलं सगळं तिने होकारात सांगितलं. तो तोच, मला बेटी म्हणणारा. त्याने नंतर बाहेर जाऊन आम्हाला तिथे हवं तेवढं राहू दिलं. माईने काय पाहिलं ते तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

घाटावर बायका येत नाहीत असं गुरुजी म्हणाले. माई ऐकत होती की नाही कळेना, ती चालत राहिली. नेगीजी हळूच म्हणाले, "माँ है, पंडितजी," आणि गुरुजी बाजूला झाले. अग्नी द्यायला मामा पुढे झाला तेव्हा माईने त्याच्या हातून पेटती चूड घेतली. त्यानेही सोडली. ह्या खेपेला वेळ लागला. दुपार गेली, ऊन डोंगराआड गेलं, नदीवरून गारठा यायला लागला, आणि माई दगडावर बसून होती. मी तिच्या पाठीवर शाल टाकली तर तिने तिचं एक टोक माझ्या खांद्यावर ओढलं. ती तिथे रडली नाही. परतीच्या गाडीत, कुठल्याशा स्टेशनावर चहावाला ओरडत गेला तेव्हा रडायला लागली आणि मिरजेपर्यंत थांबली नाही.

काका दारात उभे होते. माईने घरात जाऊन आंघोळ केली आणि चुलीला पेज ठेवली. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मला वाटलं होतं, आज ना उद्या बोलतील. ती दोघं पुढे पुष्कळ वर्षं जगली, एकमेकांची औषधं लक्षात ठेवत, एकमेकांच्या ताटातला मासा पाहून आपल्या ताटातला बदलत, आणि त्या खोलीबद्दल एक अक्षर त्यांच्यात झालं नाही. मी डिचोलीत लग्न करून गेले. रविवारी जायचे. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक उभ्या जागी गंजले, रस्त्याकडेच्या झाडांची पानं हिरवी दिसायला लागली. माई त्याच सुमारास गेली, झोपेत.

माईचे दिवस झाल्यानंतरची गोष्ट. मी काकांना जेवण घेऊन गेले होते. ते पडवीत बसले होते, आता ऐकू कमी येत असे, म्हणून मी जवळ सरकून बसले. त्यांनी डबा उघडला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "शकू, एक विचारूं?"

"विचारा ना."

"ताच्या पांयांत मोजे आसले?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. इतकी वर्षं ते हे धरून बसले होते.

"होते, काका," मी म्हटलं. "लोकरीचे. बूट पोलिसांनी काढून ठेवले होते, पण मोजे होते."

"दोनूय पांयांत?"

"दोन्ही. एक खाली घसरला होता, टाचेपर्यंत. माईने तो वर ओढला."

काकांनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला, एकदा, दोनदा.

"तिणें वयर ओडलो?"

"हो."

"बरें केलें तिणें," ते म्हणाले.